निरीक्षण वही, पाठ सतरावा

एरंडोलची शाळा, पाचवी ब.
शेवटच्या बाकात गुडघे मावत नाहीत,
तरी बसतो. एकोणीस वर्षं असाच बसत आलोय,
मांडीवर विभागाची वही,
रकाने: हेतुकथन, फलकलेखन, प्रश्नकौशल्य, प्रबलन,
प्रत्येकापुढे पाचपैकी किती.

फळ्यासमोर दिलवर पावरा, छात्राध्यापक.
इस्त्री एकाच बाहीला नीट बसलेली.
टाचण मीच तपासलंय, लाल शाईत सही
आणि "ठीक".

तिकडे टेकडीवर, विद्यापीठात,
आम्ही त्याला पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून शिकवलं.
मिशीवाले चौघे
आणि तान्हं बाळ आईपाशी ठेवून येणारी यामिनी बडगुजर
पाचवीतली मुलं झाली,
"सर मी, सर मी" ओरडली.
तिथे कुणी चुकत नाही.
चुकायचं असलं तर तेही टाचणात आधी लिहून.

आज त्यानं फळ्यावर लिहिलं
०.५ आणि ०.४५.
"मोठं कोणतं?"
वर्ग एका सुरात: पंचेचाळीस!
खिडकीजवळची एक, कानाच्या भोकात कडुनिंबाची काडी,
ओठ हलवून थबकली.
त्यानं पाहिलं.
मीही पाहिलं, पण त्याला रकाना नव्हता.
"तू सांग."

प्रश्नानंतर किमान तीन सेकंद थांबावे:
हे वाक्य मी दरवर्षी लिहून देतो
आणि त्यांचं लिहून व्हायच्या आत
पुढचं सुरू करतो.

दिलवर थांबला.
तीन संपले. दहा. वीस.
पुढच्या बाकावरचा पोरगा तोंड उघडत होता,
त्याला यानं नुसत्या तळहातानं खाली बसवलं.
बाहेरून कापसाची ट्रॉली गेली, खडखडत.
मी घसा खाकरला, म्हणजे: पुढे चला, मूल्यमापन राहिलंय.
त्याला ऐकू आलं. मानेवरून कळलं मला.
तरी उभाच, खडू बोटांत,
बादली तळाला लागेपर्यंत
दोर सोडत राहावा तसा.

मग ती, खिडकीशी बोलल्यासारखी:
"मना बाप तोलस ना सर, जिनिंगवर.
अर्धा किलो जास्त भरस."

"कितलं जास्त?"
तिच्या बोलीत विचारलं त्यानं, अडखळत,
कारण ती त्याचीही नव्हे.
प्रवेश अर्जात मातृभाषेपुढे पावरी लिहिलंय.
पहिलीतले गुरुजी काय बोलतात ते कळायला
त्याला दिवाळी उजाडली असेल.
हे मी ठरवतोय. त्यानं सांगितलं नाही,
मी दोन वर्षांत विचारलं नाही.

"पन्नास ग्राम."
वर्ग गप्प. मागून कुणीतरी: "आं... हां!"
आणि घंटा.

मूल्यमापन नाही, स्वाध्याय नाही,
फळ्याच्या कोपऱ्यात पटसंख्या लिहायची राहिलेली.
नियमानं पाठ अपूर्ण.

खडूचे हात पुसत तो जवळ आला.
"वेळेचं नियोजन चुकलं, सर."
हेही वाक्य आमचंच.
मी गुण भरले, किती ते आता आठवत नाही.
शेऱ्याच्या ओळीवर पेन टेकवून बसलो,
तेवढ्यात पुढच्या तासाचे गुरुजी आले,
बाक सोडावा लागला.

सोमवारी, विभागात, अठ्ठेचाळीस जणांसमोर
मी विचारलं: अध्यापन म्हणजे काय?
आणि पुढचं वाक्य गिळलं.
एक. दोन. तीन.
पंख्याचा आवाज. लांब गिरणेच्या पुलावर डंपर.
पहिल्या रांगेनं वह्या उघडल्या,
व्याख्या येणार म्हणून.
अकरा. बारा.
यामिनीनं पेनाला टोपण लावलं.
न बोलता उभं कसं राहायचं
हे माझ्या पायांना कुणी शिकवलं नव्हतं.
मी दिलवरकडे पाहिलं.
तो मागच्या बाकावर,
तळहात उपडा धरून
हळूच खाली दाबत होता.