थर

खालचा थर : चादर.
जोडभावी पेठेतल्या घरात, लोखंडी कॉटवर,
ट्यूब लावून, खुर्चीवर चढून काढलेला फोटो.
कडेला माझ्या पायाचा अंगठा आला होता, तो नंतर कापला.

वरचा थर : कागद.
बारीक चौकटींचा, एकेचाळीस वर्षांपूर्वीचा.
नान्नांनी तांबड्या शाईने एकेक घर भरून
त्यात मोर बसवलेला.
उलगडला की परत गुंडाळून घ्यायचा,
म्हणून कोपऱ्यांवर
अडकित्ता, चष्म्याचं घर, शेंगाचटणीची बरणी
आणि चौथ्यावर नान्ना स्वतः, कोपर टेकून.

पुढच्या रविवारी त्यांची पंच्याहत्तरी.
म्हटलं, दोन्ही एकावर एक घालून
स्टेटसला लावू.
पारदर्शकता पन्नास टक्के.

दोन मोर एकमेकांत शिरले, पण बसेनात.
चोच जुळवली की पिसारा सुटायचा,
पिसारा धरला की पाय तिसऱ्याच धाग्यावर.
चिमटीने आवळला, सैल सोडला,
केसभर फिरवला.

"कसं बसंल?" नान्ना म्हणाले.
"चादर धुतली की आवळती.
उभ्यात जास्त, आडव्यात कमी.
कागद कोण धुतंय?"

मग अख्ख्या मोराचा नाद सोडला,
नुसता डोळा घेतला.
डोळा डोळ्यावर बरोबर बसला
आणि त्याच्या खाली,
कागदात कोरं असलेलं एक घर
चादरीत तांबडं.

एकच.
कॉटवर वाकून खऱ्या चादरीत पाहिलं.
पहिल्या मोराला आहे. दुसऱ्याला आहे.
बाराही मोरांना आहे.

आधी म्हणाले, फोन वाकडा धरलीस.
मग म्हणाले, सूत निघालं असंल.
मग भिंग आणवलं,
नखाने धागे मोजले, तेलुगूत,
आकडे त्यांचे नेहमी तेलुगूतच,
आणि नख थांबलं.

"मल्लेशम."

मल्लेशम गाजूल पुठ्ठ्यांना भोकं पाडायचा,
रात्रपाळीत, मांडीवर रेडिओ घेऊन.
एक भोक जास्त पडलं.
पुठ्ठ्यांची माळ मागावर चढली
आणि दर फेऱ्याला एक धागा
नको तिथं उठत राहिला.
सतरा वर्षं.

किती चादरी, मी विचारलं.
त्यांनी नुसता हात हलवला.
अशोक चौकापासून कुठंकुठं
लोक त्या मोरांवर झोपले,
लेकरं मुतली, पाहुणे आले-गेले, तापात कुणी घामेजलं,
एका मोराची तक्रार नाही.

"असता तर आधी च्या पाजून
मग शिव्या दिल्या असत्या की."

म्हटलं, नान्ना, ॲपमध्ये होतं हे दुरुस्त.
एक घर तर आहे, बोट फिरवलं की कोरं.
त्यांनी फोन घेतला, काचेवर अंगठा ठेवला.
काहीच नाही.
पेन्शनच्या यंत्रालाही हा अंगठा दिसत नाही.
दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा थर सरकला
आणि कागदाचा मोर चादर सोडून
काळ्या कडेपर्यंत चालत गेला.

फोन परत दिला.
कॉटखालून पत्र्याची पेटी ओढली.
बाटलीत शाईचा खडा झालेला,
म्हणून माझा वह्या तपासायचा लाल पेन मागितला.
भिंग डाव्या डोळ्याला.
श्वास धरून
मोराच्या डोळ्याखालचं ते घर
कागदावर भरलं.
फुंकर मारली.

"आता घाल एकावर एक."

आता फोटो नवा काढायला हवा.
कागद पुन्हा गुंडाळला गेलाय,
आणि अडकित्ता सापडत नाही.