प्रश्न क्रमांक सात

तिसऱ्या वर्षाला आम्ही स्त्री-अभ्यास घेतला,
कोणी आवडीने, कोणी उरलेला पेपर म्हणून.
हर्षल तांडेलने निव्वळ वेळापत्रक बघून;
बाकीच्या तासांना त्याला बापाबरोबर जाळ्यावर जावं लागे.
वर्गात एकोणीस मुली आणि तो,
शेवटच्या बाकावर, बंदराकडे तोंड करून.

खोबरेकर मॅडमनी फळ्यावर लिहिलं: पितृसत्ता.
खडू दोनदा मोडला.
मी शब्द तोंडात घोळवून पाहिला,
वेंगुर्ल्याच्या बाजारात कधी न ऐकलेला,
कच्च्या करमलाच्या फोडीसारखा;
दात आंबले, पण थुंकवेना.
"तुमच्या बोलीत याला काय म्हणतात
ते शोधून आणा," मॅडम म्हणाल्या. "पाच गुण."

मग काजूच्या कारखान्यात आम्ही पाच जणं,
चार पानी प्रश्नावली, झेरॉक्स थोडी तिरकी आलेली.
ओढणीत शिरलेला भट्टीचा वास.
पत्र्याखाली बायकांची रांग,
एक हात दांड्यावर, एक बीवर, पाय खाली पट्टीवर,
खट्. गर इकडे, टरफल तिकडे. खट्.

प्रश्न सात: आपण काम करता का?
सुमती गिरप, वय अंदाजे पन्नास, मान वर न करता:
"काम खंय? मी घराकच असतंय.
हय येतंय तां आपला आठ ते पाच."
पर्याय दोन होते, होय आणि नाही.
लविनाने दोन्हींवर खूण केली.

प्रश्न बारा: घरातले निर्णय कोण घेतं?
"बाजारातसून मासळी खंयची आणूची तां मी.
बाकीचा ते."
असं का, हे प्रश्नावलीत नव्हतं, मीच विचारलं.
"तसांच असता गो."
पुढच्या यंत्रावरची तेच म्हणाली.
तिच्या पुढची, कानात फुलं घातलेली पोरगी, माझ्याच वयाची,
तीही.
मी समासात लिहीत गेले, तसांच असता, तसांच असता,
आणि चौथ्यांदा लिहिताना पेन थांबलं.
पाच गुणांचा शब्द
सकाळपासून माझ्याच हाताखाली होता.

शेवटी संमतीपत्र. सही किंवा अंगठा.
सुमतीबाईंनी राखेत बोटं घोळली, पदराला पुसली,
निळ्या पॅडवर टेकवून कागदावर दाबली.
गुळगुळीत निळा डाग. एक रेघ नाही.
बिच्या चिकाने सगळ्या खाल्लेल्या.
"रेशनच्या मशिनीक पण माझो आंगठो गावना नाय.
ती म्हणता, ही बाय नायच असा."
शेजारणी हसल्या. आम्हाला
हसावं की नाही कळेना.

निघताना त्यांनीच मला थांबवलं.
"तुझ्याशी बोलताना पाव किलो गर गेलो माझो.
तां ह्या कागदात खंय लिवतलंस?"
मी चारही पानं उलटून पाहिली.

हर्षल म्हणाला, उठ गे मावशी, तेवढे मी फोडतंय.
बसला. नऊ बिया फोडल्या, नऊंचे तुकडे केले.
तुकड्याला दर कमी असतो, हे त्याला तिने
आईवरून शिव्या देत सांगितलं.
आईवरून का, असं कोणीच विचारलं नाही.

संमतीपत्र अपुरं म्हणून तो अर्ज
विद्यापीठाने बाजूला काढला. माझ्या ट्रंकेत आहे.

आणि हर्षल, पुढच्या आठवड्यात,
जेट्टीच्या कठड्यावर बसून, कोणी विचारलं नसताना:
"काल रात्री जेवल्यावर ताट घासूक घेतलंय.
आवस धावत इली. म्हणता, ताप इलो काय रे तुका?
ठेय तां. कोणी बघल्यान तर?"
मग तू काय केलंस, मी म्हटलं.
तो बोलला नाही.
नखाखालचा काळा चीक
खरवडत बसला, निघत नव्हता तो.