खळं

अंबाजोगाईत, तिसऱ्या मजल्यावर
पंख्याचं एक पातं वाकडं आहे.
त्याच्या टकटकीवर मी काचा वाचते.
आज धारूरच्या शिबिरातून एकसष्ट आल्या.
सत्तेचाळिसावी : तारामती गोविंद मुसळे, वय चव्वेचाळीस,
मोबाईल नंबर शेजारणीचा.

भिंगाखाली निळी केंद्रकं, हिरवट-नारिंगी पदर,
आणि एका पेशीत केंद्रकाभोवती
रितं, पांढरं वर्तुळ.
पुस्तकात त्याला जिभेला न वळणारं नाव आहे.
आमच्या गल्लीत चंद्राला असं झालं की म्हणायचे, खळं पडलंय.
लांबचं खळं, जवळचा पाऊस.
जवळचं खळं, लांबचा.
हे कोणतं, मी बारीक चाक फिरवत बघते.

विषाणू म्हणजे आठ जनुकांची पुरचुंडी.
येतो, राहतो, बहुतेकदा
दोनेक वर्षांत भांडंही न वाजवता निघून जातो.
गाठीशी त्याला देणंघेणं नाही.
त्याला फक्त पेटती भट्टी हवी,
स्वतःच्या प्रती पाडायला.
म्हणून त्याची दोन प्रथिनं कामाला लागतात.

पहिलं जातं राखणदाराकडे,
जो जनुकांची मोडतोड तपासतो
आणि न सुधारणाऱ्या पेशीला सांगतो, बाई, आता मर.
प्रथिन त्याला मारत नाही.
पाठीवर चिठ्ठी डकवतं : भंगार.
पेशीचीच घंटागाडी येते
आणि त्याला उचलून नेते.

दुसरं परळीच्या लाईनवरच्या फाटकवाल्याशी
तंबाखू मळत बसतं. त्याचा हात धरून.
फाटक उघडंच.
एवढंच.
एवढ्यावरही बहुतेकदा काही होत नाही.

पण एखाद्या पेशीत पुरचुंडी फाटते,
तिचा तुकडा आपल्याच धाग्यात शिवला जातो,
आणि नेमकं ते पान हरवतं
ज्यावर लिहिलेलं असतं : तुम्ही दोघं, पुरे आता.
मग विषाणूही बाहेर पडू शकत नाही.
चोर आत, कडी बाहेरून,
आणि घर वाढत सुटतं,
खोलीला खोली, माडीवर माडी,
दार कुठंच नाही.

कुठल्याशा प्रयोगशाळेत म्हणे
त्या दोघांची तोंडं बंद केली,
तर वर्षानुवर्षं बशीत वाढणाऱ्या पेशी
थांबल्या, म्हाताऱ्या झाल्या.
मरणं त्या विसरल्या नव्हत्या.
कुणी आठवण देत नव्हतं.

बारा पेशींना खळं. तीन केंद्रकं जरा जास्तच काळी.
फोन शेजारीण उचलते :
तारामती जिनिंगवर गेली, सांजच्याला येईल.

सांजच्याला आवाज येतो, मागं कुणाचं तरी टीव्ही.
"दुखत तर काहीच न्हाई ओ. मग कामून बोलवायलात?"
दुखत नाही, म्हणूनच.
"ह्यांचं काही पाप हाय का माझं?"
पंखा टकटकतो.
पाप नाही ताई. पाव्हणा आहे,
जरा जास्त दिवस बसलाय,
बघायचंय फक्त, निघतो की नाही.

ती हसत नाही. मीही हसवायला बोलले नव्हते.
"साडेसहाची एसटी हाय. तिनं येते.
उपाशी यावं लागतं का?"

नाही. भाकरी खाऊन या.