आखूड बोट

व्हर्डी स्टिडमच्या धुलाईच्या दुकानात
मंगळवारी संध्याकाळी, चार नंबरचा ड्रायर फिरत असताना
मी पहिल्यांदा बँजोवर उजवा हात ठेवला.
ती म्हणाली, "काय हे, मेलेली पाल?
मनगट उचल, लॉयल.
खालून उंदीर गेला पाहिजे, शेपटी न घासता."

उचललं.
उंदीर काही गेला नाही.
बाहेर खाणीचा ट्रक गेला, घाट उतरताना
गिअर कुरकुरत. तो कोण चालवतो ते मला आवाजावरून कळतं,
कळू नये असं वाटतं.

अंगठ्यात प्लास्टिकची नखी. तर्जनीत, मधल्यात पत्र्याच्या.
मी इतक्या घट्ट चढवल्या की टोकं जांभळी पडली.
व्हर्डीने त्या काढल्या, दाताने जरा फाकवल्या,
परत घातल्या.
"तारेला ओरबाडायचं नाही.
सदऱ्यावरचा धागा उचलतोस ना, तेवढंच."

मग तिने उरलेल्या दोघींना हाताला धरून नेलं,
अनामिका आणि करंगळी,
घोडीच्या अलीकडे, कातड्यावर टेकवायला.
"ह्यांनी वाजवायचं नाही. उभं राहायचं."

करंगळी टेकली.
अनामिका हवेत.

ती थांबली. माझं बोट उलटंसुलटं पाहिलं,
एक पेर कमी.
मी म्हटलं, छताला बोल्ट मारताना.
जिवावरचं होतं, बोटावर निभावलं.
एव्हरेटचं नाही निभावलं, हे म्हटलं नाही.
तिला माहीतच होतं.
त्याच्या कामाच्या पँटी तीच धुवायची,
तीन पाण्यांनी, तरी काळं पाणी निघायचं.

पुढच्या मंगळवारी तिने बटण आणलं,
ड्रायरच्या जाळीत सापडलेलं, कुणाच्या तरी कोटाचं,
आणि गोंदाने कातड्यावर चिकटवलं,
माझ्या थोट्या बोटाला पायरी म्हणून.
तिसऱ्या तारेला बटण किरकिरू लागलं.
दोन मंगळवार आम्ही दोघांनीही
ऐकू येत नाही असं दाखवलं.
मग तिने नखाने ते उचकटलं, गल्ल्यात टाकलं,
"लोंबू दे," म्हणाली.

तीन बोटं, आठ ठोके.
अंगठा तर्जनी मधलं
अंगठा तर्जनी मधलं
अंगठा तर्जनी
आणि मधलं दारातच राहतं,
पुढच्या फेरीची वाट बघत.
मला वाटायचं, हिशेब चुकलाय.
"चुकलेला नाही," व्हर्डी म्हणाली, "म्हणूनच ते पळतं."
आणि दोन नंबरच्या मशीनमध्ये नाणी टाकायला उठली.

घोडीजवळ सरकलं की आवाज पत्र्यावर पडलेल्या गारांसारखा.
गळ्याकडे सरकलं की मऊ, ओल्या लोकरीसारखा.
दोन बोटांचं अंतर, पण मी हिवाळाभर
त्या दोन बोटांत येरझाऱ्या घालत होतो.
पाचवी तार आखूड,
बाकीच्या चार खुंट्यांपासून निघतात, ही अर्ध्या वाटेवरून.
अंगठा तिलाच सारखा जाऊन भेटतो.

मार्चमध्ये एकदा,
पुराचं पाणी उतरल्यावर, दुकानात गाळाचा वास होता
आणि एकच मशीन चालू,
मी ती फेरी सलग वाजवली, कितीदा कोण जाणे,
तेव्हा नसलेलं पेर
कातड्याला टेकलं.
थंड लागलं. कातड्याचा थरकाप
पार कोपरापर्यंत आला.
मी खाली पाहिलं नाही.

व्हर्डीच्या बँजोवर दोन डाग आहेत, शेजारी शेजारी,
चाळीस वर्षांच्या घामाचे, चहाच्या रंगाचे.
माझ्यावर आता एक पडलाय, करंगळीएवढा.
त्याच्या बाजूला पांढरं.
"ब्लीचने निघेल का?" मी गमतीने विचारलं.
ती चादरी घड्या घालत होती.
आयुष्यभर लोकांचे डाग काढलेली बाई.
"हात लावून बघ," म्हणाली,
"दुसराही तोडीन."