शीट नंबर चौदा

शारजा, इंडस्ट्रियल एरिया, सहावी गल्ली.
खाली टायरांचं दुकान. वर आम्ही चार ड्राफ्ट्समन
आणि स्क्रीनवर आयर्लंडमधलं एक गाव,
ज्याच्या नावातली निम्मी अक्षरं
शिवॉन फोनवर गिळून टाकते.

कोर्टाचे खांब झाले. बँकेची कमान झाली.
बाजारघराच्या घड्याळाला काटे नव्हते,
मी आपले दहा वाजून दहा काढले.
तिने खोडायला लावले :
आहे तेवढंच काढ, इनास.

आता देऊळ.
आम्ही वसईकडचे चर्चला देऊळच म्हणतो,
शेजारचा शफीक अजून चक्रावतो.
करडा चुनखडीचा दगड, तोंड मुद्दाम ओबडधोबड,
कोपरे तेवढे छिन्नीने साफ.
भाल्याच्या पात्यासारख्या तीन खिडक्या, मधली उंच.
फोटोत प्रत्येक सांधा ओलाकाळा.
इथे सत्तेचाळीस डिग्री,
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय
आणि मी पन्हळी काढतोय :
पाऊस कुठून येईल, कुठल्या दगडी तोंडातून
थुंकला जाईल.

मग शिखर. एकशे ऐंशी फूट.
शुक्रवारी मी जातो त्या देवळाला शिखर नाही.
घंटाही नाही. चार भाषांच्या मिस्सा
एकामागून एक लागतात
पार्किंगवाल्याच्या शिट्टीवर.

साल पक्कं करायला शिवॉनने
जुनी जमाखर्चाची वही पाठवली, अठराशे अडुसष्टची.
नोरा टिअर्नी, मोलकरीण, बॉस्टन : पाच शिलिंग.
दोघे भाऊ, रेल्वेच्या खोदकामावर : एक पौंड.
नाव नाही, जहाजावरून : अर्धा क्राउन.
पानंच्या पानं.
यांतलं कोण परतलं, कुणी मान वर करून
आपल्या पाच शिलिंगांचा दगड शोधला,
त्याला वहीत रकाना नाही.

आमच्या आळीतल्या मनोऱ्याला
मी अकरा महिने दोनशे दिरहॅम धाडले.
भावाने फोटो टाकला : गिलावा, गुलाबी रंग,
पायाशी फरशीवर देणगीदार.
माझ्या नावातला ‘स’ गळालाय.
बसवतील म्हणाला, तू आलास की.

संध्याकाळी तिचा मेसेज :
टोकावर वाऱ्याचा कोंबडा आहे का?
फोटो नेमका तिथेच कापलेला.
टोक मी तुटक रेघेने काढलं,
बाजूला नेहमीची टीप टाकली :
प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासावे.