फुटामागे एक सूत

घर विकलं त्या दिवशी निबंधकाच्या कचेरीत
आण्णांचा अंगठा मशीनवर उमटेना.
पन्नास वर्षं सागवान घासून रेषाच गेलेल्या.
कारकून म्हणाला, पुसा आणि परत ठेवा.
मी ओढणीने पुसला, मग ओल्या रुमालाने.
चौथ्यांदा उमटला, अर्धामुर्धा,
आणि जवाहरनगरातलं दीड गुंठ्यावरचं घर
इचलकरंजीच्या एका सायझिंगवाल्याचं झालं.

तेव्हा त्यांना सगळं कळत होतं.
आठवड्याने न्यासपत्र केलं ते त्यांच्याच सांगण्यावरून.
वकील अथणेबाईंनी सावकाश वाचून दाखवलं:
मी हयात असेतो ही रक्कम माझा निवारा,
औषधपाणी व सेवा यांसाठी खर्चावी,
माझ्या पश्चात दोन्ही मुलांस समसमान.
विश्वस्त : माझी मुलगी शैलजा.

आण्णा म्हणाले, ह्यात सूट किती धरलीसा?
बाई म्हणाल्या, कराची सूट सीए बघतील.
नव्हं हो. आकसायची.

बाईंना कळलं नाही. मला कळलं.
उद्यमनगरात आण्णा फाउंड्यांसाठी पॅटर्न करायचे.
ओतलेलं लोखंड निवताना आकसतं,
म्हणून लाकडाचा नमुना जरा मोठा ठेवायचा,
फुटामागे एक सूत.
त्यासाठी त्यांची पट्टी वेगळी होती,
तिच्यावरचा इंच दुनियेच्या इंचाहून मोठा.
सातवीत ती मी शाळेत नेली
आणि भूमितीच्या बाईंनी माझी सगळी मापं चूक दिली.

आता दर पाच तारखेला मी वही लिहिते.
आर. के. नगरच्या फ्लॅटचं भाडं.
आक्काताईंचा पगार, रात्रीची बाई वेगळी.
डायपर, दोन पाकिटं. (गेल्या महिन्यात एक.)
शुगरच्या गोळ्या. दूध. न्हावी घरी येतो त्याचे शंभर.
एका ठेवीचं व्याज पुरत नाही,
दुसरी मोडावी लागली ते लाल शाईने.
पानाचा फोटो अमरला पाठवते पुण्याला.
तो उत्तरादाखल अंगठा पाठवतो, पिवळा.
त्याचा लगेच उमटतो.

खंडेनवमीला आण्णा उठून बसले, टोपी काढून हातात धरली,
आणि मला म्हणाले, बाई,
साडेतीनशेची सोय व्हईल का?
जवाहरनगरला जागा बघून आलोय.
मालक बरा माणूस हाय, पण इसार दिल्याबगार
कोण कुणासाठी थांबतंय?
दिवाळीपतुर फेडतो.

माझ्या पिशवीत त्यांचंच पासबुक होतं.
एकेचाळीस लाखांतले उरलेले त्यांचे सगळे,
आणि माझ्यापुढे ते असे, उघड्या डोक्याने.
मी दोन दोनशेच्या नोटा दिल्या.
त्यांनी बोटं मोडत हिशेब केला,
उशीखालून एक जुनी पन्नासची शोधून परत दिली.
उगं जास्त कशाला, म्हणाले. तुझंबी घर हाय.

पाच तारखेला वही उघडून बराच वेळ बसले.
भेट म्हणावं तर नाही. हातखर्च तर नाहीच.
उसने लिहिलं, खोडलं.
कोण कुणाचं देणं लागतं?
शेवटी न्यासपत्र काढलं, कलम वाचलं,
आणि त्याखाली नीट अक्षरात लिहिलं:
निवारा. इसार. रुपये तीनशे पन्नास.

अमरचा अंगठा यायला या वेळी दोन दिवस लागले.

नोटा आक्काताईंना बंडीच्या खिशात सापडल्या, धुतलेल्या.
मी त्या जमा केल्या नाहीत.
परत खिशात ठेवायला सांगितल्या.

मार्चला एक ठेव पिकते.
नव्या वहीत रेघा मारते मी त्यांच्याच पट्टीने.
प्रत्येक रकाना जरा रुंद येतो,
शेवटचा पानात मावत नाही.
शिल्लक समासात लिहिते.