लाल कुणाचा

इद्रियाच्या शाळेत, आठवीच्या वर्गात,
मी हिंगुळाचा खडा टेबलावर ठेवते.
सुकलेल्या रक्ताचा रंग,
आणि उचलला की मनगट दचकावं
इतका जड.

"यात पारा आहे," मी सांगते, "आणि गंधक."
मुलं वाकून वाकून बघतात.
चंदेरी काही दिसत नाही. पिवळंही नाही.

मिश्रण नव्हे हे, संयुग.
डाळीतले खडे निवडावेत
तसा पारा यातून निवडता येत नाही.
दोघं भेटले तेव्हा दोघांनीही
आपापला रंग उंबऱ्याबाहेर ठेवला.

मागच्या बाकावरून ओझ्बेय विचारतो,
"मग लाल कुणाचा?"

माझे वडील एकवीस वर्षं भट्टीवर होते.
लाल दगड आत जायचा,
तापून तापून त्याला घाम फुटायचा,
आणि थंड नळीच्या टोकाशी
तो घाम थेंब थेंब गोळा व्हायचा,
लोखंडी बाटलीत, चकचकीत, न भिजवणारा.
गंधक हवेतला प्राणवायू धरून
चिमणीतून टेकडीवर निघून जायचा.
तिथल्या नाशपातीला
मी कधी फळ पाहिलं नाही.

रात्री वडिलांचा चमचा वाटीवर वाजायचा.
सूप ओठांपर्यंत अर्धंच पोचायचं.
आई कोपऱ्यात उशीवर लेस विणत असायची,
लाकडी रिळांची टकटक,
बत्तीस दोरे, एकही चुकत नसे.
ती वर बघायची नाही.
फक्त वाढताना वाटी अर्धीच भरायची,
पुन्हा पुन्हा.

मी फळ्यावर अभिक्रिया लिहिते.
बाणाच्या डावीकडे जेवढे अणू
तेवढेच उजवीकडे. मोजून घ्या.
मुलं बोटांवर मोजतात: पारा एक, गंधक एक,
प्राणवायू दोन. बरोबर.
एवढं बरोबर आलेलं पाहून
मला दर वर्षी जरासा रागच येतो.

"लाल त्या दोघांच्या मधला," मी अखेर म्हणते.
"ते वेगळे झाले की
तो कुठे जात नाही. तो उरतच नाही."
ओझ्बेयला हे पटलेलं नाही.
घंटा होते तेव्हा तो टेबलापाशी येऊन
खडा उचलतो, उजेडात फिरवतो,
जिभेच्या टोकापर्यंत नेईल की काय असं वाटतं.

"ठेव तो खाली. हात धू,"
मी म्हणते, जरा जास्तच मोठ्याने,
आणि तो धुऊन येईपर्यंत
नळाच्या आवाजाकडे कान लावून उभी राहते.